पुण्यात घराचं इंटिरियर करताय? २०२६ चे ट्रेंड कुठे लावायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा

किल्ली हातात यायच्या आधीच लोकांच्या फोनमध्ये एक फोल्डर तयार असतो, कमानी, वेताचे दिवे, मातकट भिंती, गोल कडांचे सोफे, दगडासारखा दिसणारा ओटा, आणि मग तो पुढे करून म्हणतात "मॅडम साधारण असं पाहिजे". माझी काही हरकत नाही, माझा धंदाच आहे तो. फक्त ते फोटो बहुतेक वेळा अशा घरांचे असतात जिथे रोज फोडणी पडत नाही, बोअरचं पाणी नाही, जुलैत चार-चार दिवस न वाळणारे कपडे नाहीत आणि गौरी जेवायच्या दिवशी एका हॉलमध्ये पंचवीस पानं वाढायची नसतात.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. जे बदलायला हातोडा लागतो तिथे ट्रेंड नको. म्हणजे फरशी, ओटा, प्लंबिंग, वायरिंग, सिलिंग. आणि जे ब्रशने, स्क्रूड्रायव्हरने किंवा वॉशिंग मशीनने बदलतं तिथे काय पाहिजे ते करा, भिंतीचा रंग, दिवे, पडदे, कुशन, हँडल्स. पाच वर्षांनी कंटाळा आला तर एका शनिवार-रविवारचं काम. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यावरूनच आलंय.

आधी भिंत कसली आहे ते बघा

हे कुठल्याच ट्रेंडच्या व्हिडिओत नसतं आणि पुण्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हिंजवडी, म्हाळुंगे, ताथवडे, खराडी, वाघोली या पट्ट्यातल्या नवीन टॉवरांपैकी बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नाहीयेत, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबरच ओतलेलं काँक्रीट आहे, साइटवर सगळे त्याला मिवान म्हणतात. ती भिंत बिल्डिंगचं वजन पेलत असते. त्यामुळे "किचनची भिंत पाडून ओपन करू" हा विषय तिथे संपला. नुसती पाडायचीच नाही, वायर लपवायला कटरने खोल झिरी मारायची तरी आतली सळई कापली जायची भीती असते. ओळखायचं कसं? खिळा ठोकून बघा, वाकला आणि आत शिरलाच नाही तर बहुतेक काँक्रीट, पण खात्री करायची तर बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या, तुमचा हक्क आहे तो. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, आणि तुम्ही भिंतीला हात लावलात की त्याला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये उलटं, तिथे विटांच्या भिंती आहेत म्हणून लोकांना वाटतं पाडा बिनधास्त. पण त्यातल्या कित्येक दोन-तीन मजली बिल्डिंग लोड बेअरिंगच्या आहेत, नऊ इंची भिंतीवरच वरचा मजला उभा आहे. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय एक वीटसुद्धा काढू नका, मिस्त्री काहीही म्हणू दे.

मग कमानीचं काय, ज्या सध्या सगळ्यांना हव्या आहेत? कमान जिप्सम बोर्ड किंवा प्लायच्या फ्रेममध्ये होते, आहे त्या दाराच्या आत बसवायची, भिंत तशीच राहते. फक्त फ्रेममुळे दार दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत येतं आणि कोपरे गोल झाले की वरची जागाही जाते. आधी फ्रिज आणि वॉशिंग मशीनची रुंदी-उंची मोजा, ती आत जाऊन बसू दे, मग कमान करा. हसू नका, दोन दारांचा फ्रिज पॅसेजमध्ये अडकून वर्षभर तिथेच राहिलेला मी पाहिलाय. आणि खरी कमान कशी दिसते, म्हणजे खांबाची जाडी किती, नक्षी कुठे थांबते, हे बघायचं असेल तर फोन ठेवा आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग बघून या, नाहीतर नातूबागेतल्या केळकर म्युझियममध्ये जुनी दारं, खिडक्या, दिवे आहेत ते बघा. प्रमाण डोळ्यात बसतं एकदम, आणि मग जिप्समची ती केविलवाणी कमान कुठे चुकते तेही कळतं.

रंग: राखाडी गेला, माती आली

गेली दहा-बारा वर्षं जो तो ग्रे मागायचा, ग्रे भिंत, ग्रे सोफा, ग्रे लॅमिनेट, घर की मोबाईलचं शोरूम. ते आता ओसरलंय. दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या पॅन्टोनवाल्यांनी २०२४ ला पीच फझ, २०२५ ला मोका मूस म्हणजे तपकिरी काढला आणि २०२६ साठी क्लाउड डान्सर म्हणजे चक्क पांढरा. एवढा अभ्यास करून पांढऱ्यावर आले, आपल्या आज्जीच्या घरात दर दिवाळीला तोच मारायचे. पण दिशा बरोबर आहे, निळसर थंड रंग जाऊन उबदार रंग येतायत, गेरू, मातकट, ऑलिव्ह, ताकासारखा ऑफ व्हाइट, वांगी कलरसुद्धा. आपल्या उजेडात हे रंग चांगले दिसतात.

एक गोष्ट मला खरंच आवडलीये ती म्हणजे कलर ड्रेंचिंग, भिंत, सिलिंग, दाराची चौकट, स्कर्टिंग सगळं एकाच रंगात बुडवायचं. छोट्या खोलीत, म्हणजे आपल्या त्या दहा बाय दहाच्या तिसऱ्या बेडरूममध्ये, फारच छान दिसतं कारण कडा दिसत नाहीत आणि खोली कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. खर्च फक्त रंगाचा. हॉलमध्ये मात्र जपून, गडद रंगात सगळं बुडवलं की संध्याकाळी दुप्पट दिवे लावावे लागतात.

शेड कार्डवर रंग ठरवू नका. छोटा सॅम्पल डबा आणा, जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुठ्ठा दोन फुटी तरी पाहिजे, आणि तो दोन-तीन दिवस खोलीभर फिरवा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून. पश्चिमेच्या खिडकीसमोरचा पीच रंग मे महिन्यात चार वाजता भगवा दिसतो हे पुठ्ठ्यावर कळलेलं परवडतं.

लाइमवॉश, आणि ओल

सध्याचा सगळ्यात मागणी असलेला प्रकार. ढगाळ, मऊ, जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी दिसणारी भिंत. गंमत बघा, वाड्यांमध्ये चुना बैलाने फिरवायच्या घाणीत मळून, त्यात वाळू, गूळ, हिरडा वगैरे घालून गिलावा करायचे, नंतर आपण तो खरवडून त्यावर सिमेंट आणि डिस्टेंपर मारला आणि आता तोच चुना डब्यातून जास्त पैशात परत आणतोय.

बाजारात दोन गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, हे नीट विचारून घ्या. एक खरा चुन्याचा वॉश, जो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि अल्कलाइन असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. दुसरा अ‍ॅक्रिलिक पेंट ज्याचं फक्त टेक्स्चर तसं दिसतं. दुसरा ओल्या फडक्याने पुसता येतो, पहिला नाही. घरात क्रेयॉन चालवणारं मूल असेल तर खालचा चार फुटाचा भाग धुता येणाऱ्या रंगात करा आणि वर लाइमवॉश, मध्ये लाकडाची बारीक पट्टी. दिसतंही छान.

खरा लाइमवॉश करायचा तर भिंतीने तो पिऊन घेतला पाहिजे. जुना चकचकीत ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर त्यावर टिकत नाही, घासून काढून त्याचा वेगळा प्रायमर मारावा लागतो. मारायचा रुंद ब्रशने, आडवे-तिरपे फटकारे, रोलर नाही, आणि एक भिंत एका दमात पूर्ण करायची, मध्ये जेवायला गेला पेंटर की तिथे रेघ दिसते कायमची. पातळ दोन-तीन हात. ओला असताना गडद दिसतो, वाळल्यावर बराच उजळतो, तेव्हा ओल्या भिंतीकडे बघून घाबरून फोन करू नका.

आणि हे सगळं ओल नसलेल्या भिंतीवर. पावसाच्या झोताकडची बाहेरची भिंत, बाथरूमच्या मागची भिंत, टेरेसखालचा कोपरा इथे आधी तपासा. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली तर पाणी भिंतीतून येतंय. मग रंगाचा विषय बंद, आधी बाहेरच्या भेगा भरा, बाथरूमची गळती शोधा. वॉटरप्रूफ पुट्टीने आतून झाकलेली ओल पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कोपऱ्यातून पोपडे काढत बाहेर येते. पुण्यात रंगकाम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये "एसी लावून वाळवू" म्हणणाऱ्या पेंटरला नमस्कार करा आणि दाराबाहेर काढा.

खाचा-खाचांची पॅनल्स

टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांची फ्लूटेड पॅनल्स, चारकोल लूव्हर्स, गेली तीन-चार वर्षं प्रत्येक घरात आहेत, आणि माझ्या मते हा ट्रेंड उतरायला लागलाय. खराडी-वाघोलीकडे समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, खिडकी उघडली की धूळ, आणि ती प्रत्येक खाचेत जाऊन बसते. कामाला येणाऱ्या मावशी ते पुसणार नाहीत आणि खरं सांगायचं तर का पुसावं त्यांनी. करायचंच असेल तर एका भिंतीवर, अर्धगोल रुंद खाचेचं करा, बारीक खाच नको, आणि मागे वायरिंग जाईल अशी जागा सोडून करा. मिवानच्या भिंतीत झिरी मारता येत नाही तिथे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटरच्या वायरी लपवायला पॅनल खरंच उपयोगी पडतं, तेवढ्यापुरतं मला मान्य आहे.

फरशी

टेराझो परत आलाय. म्हणजे आपली मोझॅक. प्रभात रोड, सदाशिव पेठ, मॉडेल कॉलनीतल्या जुन्या घरात पायाखाली असलेली ठिपक्यांची फरशी. आपल्याकडे या सिमेंटच्या टाइल्सची परंपरा जुनी आहे, मुंबईची भारत फ्लोरिंग्ज १९२२ पासून बनवतेय. तर रीसेलचा फ्लॅट घेतलाय आणि मोझॅक आहे तर कृपा करून त्यावर व्हिट्रिफाइड चढवू नका. पॉलिशवाला बोलवा, मशीनने घासून, भेगा त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, बारीक दगडाने पॉलिश करून घ्या. तीन-चार दिवस घरभर पांढरा चिखल होतो, सामान हलवावं लागतं, शेजारी ओरडतात, पण नंतर जी फरशी निघते ती बघून लोक विचारतात कुठून आणली. टाइलवर टाइल चढवली तर लेव्हल वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरा बुडतो आणि पाणी बाहेर, हे नंतर कळतं.

नवीन टाकणार असाल तर मोठ्या टाइल्सची चलती आहे, चार बाय सहा फुटी. सांधे कमी, दिसायला सुंदर. ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन बिल्डिंगची लिफ्ट मोजा. टाइल लिफ्टमध्ये मावली नाही तर ती जिन्याने वर जाते, माणसं चौदाव्या मजल्याचे वेगळे पैसे घेतात आणि दोन-तीन फुटतात. शिवाय खालची जमीन एकसारखी नसेल तर मोठी टाइल पोकळ बसते, नाण्याने ठोकून बघा, डबडब आवाज आला तिथे काढून परत बसवायला लावा, पेमेंट द्यायच्या आधी. आणि एक बॉक्स जास्तीचा घेऊन लॉफ्टवर टाकून ठेवा, दोन वर्षांनी तोच शेड मिळत नाही.

बाल्कनीत मात्र शहाबाद किंवा कोटा, पण पॉलिश न केलेला. पावसात कमी घसरतो, तापत कमी, डाग पडला तरी शोभतो. बाल्कनीतल्या त्या हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर मी बोलणार नाही, एक पावसाळा जाऊ दे, वासच सांगेल.

सिलिंग आणि उजेड

लाल-निळ्या पट्ट्यांचं, तीन पायऱ्यांचं पीओपी सिलिंग गेलं, बरं झालं. आता चाललंय सपाट सिलिंग, बारीक प्रोफाइल लाइट म्हणजे पट्टीसारखे दिवे, मॅग्नेटिक ट्रॅक म्हणजे चुंबकाने दिवे चिकटतात ती पट्टी, आणि भिंतीवरून सोडलेला मऊ उजेड. आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅबखाली जेमतेम साडेनऊ फूट मिळतात, त्यातला अर्धा-पाऊण फूट पूर्ण सिलिंगने खाल्ला आणि पंख्याची पाती सिलिंगपासून फूटभर खाली पाहिजेत नाहीतर हवाच लागत नाही, म्हणजे उंच माणसाने हात वर केला की झालं. म्हणून सिलिंग फक्त कडेने एक-दीड फूट करा, मधला स्लॅब तसाच पुट्टी मारून रंगवा. पडद्याचा डबल ट्रॅक त्या कडेच्या सिलिंगमध्ये लपतो, आत झिरझिरीत आणि बाहेर जाड पडदा, जमिनीपर्यंत, हे केल्याने खोली जितकी उंच वाटते तितकी कशानेच नाही.

बल्ब घेताना वॅटच्या आधी केल्विन बघा, उजेड पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा. हॉल-बेडरूमला २७०० ते ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००, आणि ६५०० चा पांढराफटक कुठेच नको, भिंतीचा मातकट रंग त्यात आजारी दिसतो. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढचा मिळाला तर घ्या, भाजी हिरवी आणि साडी ज्या रंगाची आहे त्याच रंगाची दिसते. पंखे बीएलडीसी, साध्याला ७५ वॅट लागतात तिथे हे ३० च्या आसपास घेतात, इन्व्हर्टरवर चांगलेच जास्त चालतात.

स्मार्ट स्विच पुढे-मागे करायचे असतील तर आत्ता नाही केले तरी चालेल, पण वायरिंग चालू असताना प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर ओढून घ्या आणि बॉक्स खोल बसवा, बहुतेक स्मार्ट स्विचला ते लागतंच. डिव्हाइस घेताना मॅटर सपोर्ट आहे का विचारा, २०२२ पासून हे एक कॉमन स्टँडर्ड आलंय, त्यामुळे एकाच कंपनीला बांधलं जायला होत नाही. स्मार्ट लॉकला साधी किल्ली लागली पाहिजे आणि ती किल्ली घराबाहेर कोणाकडे तरी असली पाहिजे.

पॉइंट काढताना एक सांगते जे कुठलाच डिझायनर ड्रॉइंगमध्ये घालत नाही. गणपतीची जागा. हॉलमध्ये कुठल्या भिंतीला मखर लागणार ते आत्ताच ठरवा, चार फूट भिंत मोकळी ठेवा, तिथे खाली एक प्लग आणि वर एक लाइट पॉइंट. नाहीतर दर भाद्रपदात एक्सटेंशनची वायर सोफ्याखालून. मखर, समया, पाट ठेवायला लॉफ्टचा एक कप्पा पण धरा. आणि देवघरामागे सीएनसी मशीनने कापलेली जाळी आणि पाठीमागून उजेड करताय ना, छान दिसतं, पण समई रोज लागत असेल तर जाळीच्या वरच्या भोकांच्या कडांना सहा महिन्यांत काजळीची काळी तेलकट रेघ धरते, ती कापसाच्या काडीने काढावी लागते. साधी गुळगुळीत दगडाची पाठ लावा, वरती धूर जायला जागा सोडा.

स्वयंपाकघर

इथे पैसे सगळ्यात जास्त जातात आणि ट्रेंडचं ऐकून सगळ्यात जास्त फसायला होतं. सध्या काय चाललंय, बिनहँडलच्या ट्रॉल्या, मॅट शटर, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, टॉल युनिट म्हणजे उंच उभं कपाट, आणि बेट म्हणजे किचनच्या मधोमध सुटा ओटा.

ओट्यापासून सुरू करू. क्वार्ट्झ म्हणजे दगडाची भुकटी आणि रेझिन. रेझिन आलं की गरम कढई थेट टेकवली तर डाग किंवा तडा, आणि पांढऱ्यावर हळद सांडून तासभर राहिली की पिवळी आठवण. काळा ग्रॅनाइट कितीही जुनाट वाटला तरी कुकर आपटा, कढई ठेवा, लिंबू चिरा, त्याला काही फरक पडत नाही. क्वार्ट्झचं अजून एक आहे ज्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त असते, कापणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. तरी क्वार्ट्झच हवा असेल तर माप देऊन कारखान्यात पाण्याखाली कापून आणायला लावा, तुमच्या बाल्कनीत तोंडाला नुसता रुमाल बांधून ग्राइंडर चालवणाऱ्या पोराकडून नाही.

उंची. जी बाई किंवा जो बाप्या रोज स्वयंपाक करतो त्याने सरळ उभं राहून कोपर दुमडायचं, कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा. रेडिमेड मॉड्यूलर किचनची ३४ इंच उंची पाच फुटी माणसाला खांदेदुखी देते. सासूबाई आणि सून दोघी करत असतील तर त्यांच्यातल्या बुटकीचं माप घ्या, आणि हे माप कोणासमोर घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बिनहँडलमध्ये दोन प्रकार. दाबून उघडणारं पुश टू ओपन नको, कणकेच्या हाताने मांडीने ढकलायची सवय लागते आणि शटरवर पिठाचे ठसे. शटरच्या वर अ‍ॅल्युमिनियमची खाच असलेलं प्रोफाइल घ्या, बोट आत जातं. मॅट शटर गडद रंगात घेऊ नका, तेलकट बोटं दिसतात, मध्यम मातकट किंवा हिरवट घ्या, आत्ता तेच चालू पण आहे. ट्रॉल्यांच्या जाळ्या एसएस ३०४ च्या, म्हणजे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या मागा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो "बघा चिकटत नाही", २०२ या हलक्या ग्रेडला पण चिकटत नाही, त्यामुळे ती टेस्ट म्हणजे नुसता खेळ आहे, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

ओपन किचन करणार असाल तर चिमणीचा डक्ट बाहेर निघतो का ते आधी. सहा इंची पाइप, कमीत कमी वळणं, थेट बाहेर. बाहेर न सोडणारी चिमणी मिरचीचा ठसका गाळून परत तुमच्याच हॉलमध्ये सोडते. मधला मार्ग म्हणजे काळ्या बारीक फ्रेमची काचेची सरकती पार्टिशन, दिसायला ओपन, बोंबील तळताना बंद. माझ्या मते आपल्या घरांसाठी हा सगळ्यात कामाचा नवीन ट्रेंड आहे.

बेटाबद्दल एकच, चारी बाजूंनी तीन फूट मोकळे राहत नसतील तर करू नका. त्या जागेत चाकांचं टेबल येतं आणि पोळ्या लाटायला तेच लागतं.

बाथरूममध्ये काळे मॅट नळ घ्यायच्या आधी सध्याच्या घरातल्या स्टीलच्या नळाच्या बुडाशी बघा. पांढरं कवच धरलंय? म्हणजे तुमच्याकडे बोअर किंवा टँकरचं जड पाणी आहे, काळ्या नळावर ते पहिल्याच आठवड्यात दिसणार आणि अ‍ॅसिडने घासलं की काळा रंगच जाणार. ब्रश्ड निकेल घ्या, डाग लपतात.

सामान कुठून, आणि कागदावर काय लिहून घ्यायचं

लाकूड आणि प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. ओल्या भागाला, म्हणजे सिंकखाली आणि बाथरूमच्या कपाटाला, आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय, बाकी कपाटांना आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारा, चालतो. शिक्का प्रत्येक शीटवर बघा आणि कापायच्या आधी फोटो काढा, कारण कापल्यावर सगळे प्लाय सारखेच दिसतात. गोल कडांचं फर्निचर हवं असेल तर सुताराला फ्लेक्सी प्लाय वापरायला सांगा, साध्या प्लायला खाचा मारून वाकवलेलं दोन वर्षांत उकलतं. मुलांच्या खोलीत ई० किंवा ई१ ग्रेड मागा, फॉर्माल्डिहाइड कमी सुटतो, नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

हाताने केलेलं, जुनं, थोडं वाकडं असं सामान आत्ता जगभर मागतायत आणि आपल्याला त्यासाठी ऑनलाइन जायची गरजच नाही. कसब्यात तांबट आळीत मठार काम केलेली तांब्याची भांडी मिळतात, त्यांचे ठोके दिव्याच्या उजेडात जे चमकतात ते मशीनच्या भांड्यात येत नाही, त्यातल्याच एकाचा लॅम्पशेड करून घेता येतो, फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून. बुरूड आळीत बांबूचे चिकाचे पडदे मापाने मिळतात, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून लावा, ऊन काचेवर पडायच्या आधीच अडतं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी लवकर जा, पितळी कड्या, जुने ब्रॅकेट, कधी सागवानी चौकट पण सापडते, भाव निम्म्यापासून सुरू करायचा. लाकडाला भोकं दिसली तर खाली वर्तमानपत्र पसरून दोन दिवस ठेवा, ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, घरात आणू नका. लक्ष्मी रोडवरून खणाचं कापड घेऊन त्याचे कुशन, सोलापुरी चादर सोफ्यावर, बस, हजारो रुपयांच्या थ्रोपेक्षा बरं आणि धुता येतं. वेताचा झोपाळा बाल्कनीत नको, एकतर बुरशी आणि दुसरं कबुतरं, जाळी नसेल तर ते त्यांचंच फर्निचर होतं. छताला झोपाळा टांगायचाच असेल तर हुक बीममध्ये, आणि पोस्ट टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिल अजिबात नाही, आत ताणलेल्या केबल्स असतात.

कोटेशन घेताना "संपूर्ण इंटिरियर" असा एक आकडा घेऊ नका. प्रत्येक कपाट चौरस फुटाने, आणि ते समोरून मोजलंय का आतले कप्पे धरून ते लिहून घ्या, दोघांच्या कोटेशनमधला निम्मा फरक यातच असतो. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनल सगळ्यांची कंपनी आणि मॉडेल. १८ टक्के जीएसटी आत आहे का वर. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभराने, तोपर्यंत शटर वाकतात का, ड्रॉवर अडकतात का ते कळतं.

कामाचा क्रम: तोडफोड, प्लंबिंग-वायरिंग, वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून तपासणी, फरशी, सिलिंग, सुतारकाम, रंगाचा शेवटचा हात, मग दिवे-पंखे, मग पडदे. सुतार आणि पेंटर एकाच वेळी घरात आणलेत की भुसा ओल्या रंगावर आणि भांडण तुमच्या डोक्यावर. दिवाळीत राहायला जायचं असेल तर सुतार एप्रिल-मेमध्येच लावा, सप्टेंबरनंतर पुण्यात चांगला सुतार मिळत नाही, जो मिळतो तो का मोकळा आहे ते विचारा.

सगळं झालं की पेंटचे शेड नंबर, लॅमिनेटचे कोड, टाइलचा बॅच नंबर एका कागदावर लिहून तो बेडरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाका. फोनमध्ये ठेवाल तर फोन बदलला की गेलं.